जुना कॉम्प्युटर: डागडुजी की नवी खरेदी?

बटण दाबलं. लोगो आला, लॉगिनचा पडदा आला, पासवर्ड टाकला, डेस्कटॉपही दिसला. पण ब्राउझरवर क्लिक केलं आणि निळं वर्तुळ फिरतच राहिलं. कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा लाल दिवा लुकलुकायचं सोडून अखंड पेटून होता. सव्वा मिनिट झालं तरी ब्राउझर उघडेना. घरातले म्हणाले, "दहा वर्षं झाली, आता टाकूनच देऊ." मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजमधली खिडकी, उघडला. प्रोसेसर १२ टक्के, मेमरी ६० टक्के, डिस्क १०० टक्के. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसला होता आणि सगळे त्या एका डिस्कसाठी खोळंबले होते. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, बसवली. ते मशीन आजही रोज वापरात आहे.

कॉम्प्युटर अख्खा एकदम म्हातारा होत नाही. त्यातला एखादा भाग थकतो किंवा कमी पडू लागतो आणि बाकीच्यांना मागे ओढतो. तो भाग कोणता, हे मोजल्याशिवाय नवं घेणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. माझं सांगणं एवढंच, की निर्णय वयावर घेऊ नका, मोजमापावर घ्या. खाली दिलेला क्रम मी स्वतः पाळतो. एका सुट्टीच्या दिवशी निवांत सगळं होतं.

पहिली पायरी: तक्रार कागदावर उतरवा

"स्लो झालाय" एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. चार-पाच दिवस मशीनशेजारी एक कागद ठेवा आणि त्रास होईल तेव्हा लिहा: काय करत होतो, किती वेळ अडकलं, पंख्याचा आवाज वाढला होता का. घरात दोघं-तिघं वापरत असतील तर प्रत्येकाने लिहावं, कारण प्रत्येकाचं काम वेगळं आणि दुखणंही वेगळं.

या नोंदींतूनच अर्धं निदान होतं. चालू व्हायला चार मिनिटं लागतात पण पुढे बरं चालतं, असं असेल तर संशय डिस्कवर किंवा सुरुवातीलाच आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रॅमवर. आठ-दहा टॅब उघडल्यावर सगळं जड होतं, तर रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवायची जागा; टास्क मॅनेजर तिलाच मेमरी म्हणतो. अर्ध्या तासाने पंखा घोंघावू लागतो आणि मग वेग पडतो, तर उष्णता. फक्त वेबसाइट मंद, पण मशीनमधल्या फाइल झटकन उघडतात, तर आधी त्याच जागी बसून फोनवर तीच साइट उघडून बघा; दोष वायफायचा असू शकतो. मशीन अचानक बंद पडत असेल तर उष्णता, पॉवर सप्लाय किंवा रॅम यांपैकी कोणीतरी गुन्हेगार आहे.

दुसरी पायरी: मशीनची नीट ओळख करून घ्या

विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या सिस्टीम विभागात शेवटी 'अबाउट' असतं. तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅम दिसते. इंटेलच्या प्रोसेसरबद्दल नुसत्या 'आय-फाइव्ह आहे' या माहितीला काहीच अर्थ नाही, पुढचा आकडा महत्त्वाचा. आय५-३४७० मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालची. आय५-८२५०यू म्हणजे आठवी, २०१७ ची. आकडा पाच अंकी असेल तर पहिले दोन अंक धरायचे: आय५-१०४०० म्हणजे दहावी पिढी. तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन बाराव्या पिढीच्या आय-थ्रीपुढे टिकत नाही, तरीही जुन्या मशीनच्या जाहिरातीत 'आय-सेव्हन' हे मोठ्या अक्षरांत असतं आणि पिढी कुठेच लिहिलेली नसते.

टास्क मॅनेजरमधल्या परफॉर्मन्स पानावर बाकीचं कळतं: रॅम किती, तिचे किती स्लॉट भरलेत आणि किती मोकळे, डिस्क एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) आहे की एसएसडी. हे सगळं त्याच कागदावर लिहून ठेवा, पुढे सुटे भाग निवडताना लागेल.

तिसरी पायरी: अडतंय कुठे, ते बघा

ही पायरी सगळ्यांत मोलाची आहे, म्हणून इथे घाई करू नका. त्रास चालू असतानाच टास्क मॅनेजर उघडायचा. मशीन मोकळं बसलेलं असताना घेतलेल्या आकड्यांचा उपयोग नाही.

आधी डिस्क. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये खरीच तबकडी असते, डेस्कटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ७२०० फेऱ्यांची, लॅपटॉपमध्ये ५४०० ची. ७२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०, म्हणजे एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या काट्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, शिवाय काटा जागेवर सरकायला आणखी काही मिलिसेकंद. एका वाचनाला असे १२-१३ मिलिसेकंद धरले तर सेकंदाला जेमतेम ७०-८० विखुरलेली वाचनं होतात. आणि विंडोज चालू होताना हजारो लहान फाइल वाचतं. एसएसडीत काही फिरत नाही, तिथे एक वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरकतं. खोक्यावर छापलेला सेकंदाला ५५० एमबी हा सलग वाचनाचा वेग असतो; तो हार्ड डिस्कच्या चार-पाच पट आहे. रोजच्या वापरात जाणवतो तो मात्र विखुरलेल्या वाचनातला फरक, आणि तो शंभराहून जास्त पटींचा आहे. म्हणूनच हार्ड डिस्क असलेल्या मशीनबद्दल कोणी विचारलं की मी बाकी काही ऐकण्याआधी एसएसडीचं नाव घेतो.

पण एक फसगत इथे होते. रॅम कमी पडली की विंडोज तिच्यातली माहिती डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तशी परत आणतं. त्यामुळे दुखणं रॅमचं असलं तरी डिस्क १०० टक्के दिसते. ओळखायची खूण सोपी आहे. मेमरीच्या पानावर 'कमिटेड' नावाचा आकडा असतो, म्हणजे चालू प्रोग्रॅमनी मागितलेली एकूण मेमरी. तो बसवलेल्या रॅमपेक्षा सतत जास्त असेल तर रॅमही वाढवावी लागेल. ४ जीबी आता नुसत्या ब्राउझरलाही तोकडी पडते. ८ जीबीत घरचं काम भागतं, १६ जीबी असली की विचार करावा लागत नाही.

प्रोसेसर १०० टक्के दिसला तर लगेच घाबरू नका. खालच्या यादीत तो कोण खातंय ते बघा. अँटिव्हायरसची तपासणी किंवा अपडेट चालू असेल तर ते ओसरू द्या. पण तुमच्याच कामात, उदाहरणार्थ व्हिडिओ एडिट करताना, तो तासन् तास शंभरावर राहत असेल तर ती त्या प्रोसेसरची मर्यादा आहे आणि तिच्यावर स्वस्त इलाज नाही.

फक्त ऑनलाइन व्हिडिओ अडखळत असेल तर कारण निराळं असतं. व्हिडिओ आता व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने दाबून पाठवले जातात. ते उलगडण्याची खास सोय इंटेलच्या चिपमध्ये व्हीपी९ साठी सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ साठी अकराव्यापासून नीट आली. त्याआधीच्या मशीनला ते काम प्रोसेसरच्या जोरावर करावं लागतं आणि त्याला धाप लागते. ब्राउझरला जुन्या एच.२६४ पद्धतीचाच व्हिडिओ मागायला लावणारी फुकट एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) मिळतात, बसवून बघा. गुणवत्ता १०८० पीपर्यंतच मिळते, पण अडखळणं बरंचसं थांबतं.

चौथी पायरी: स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी बॅकअप

हे मी चूक करून शिकलो. एका ओळखीच्यांच्या लॅपटॉपची डिस्क एसएसडीवर क्लोन करायला, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल उतरवायला घेतली, जुन्या डिस्कची तब्येत न बघता. क्लोन करताना डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचली जाते. आधीच आजारी असलेल्या डिस्कला ते झेपलं नाही. निम्म्यावर गेल्यावर टक-टक असा आवाज येऊ लागला आणि ती थांबली ती थांबलीच. फोटोंचे काही फोल्डर परत मिळाले नाहीत. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण ते फोटो गेले ते गेले.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम चालवायचा. त्यात डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंदवही दिसते. 'रिअॅलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळी बघायच्या. त्यांच्यापुढे 'रॉ व्हॅल्यूज' या रकान्यात शून्य हवं. शून्य नसेल, आणि विशेषतः आकडा आठवड्यागणिक वाढत असेल, तर क्लोनचा नाद सोडून सगळ्यांत महत्त्वाच्या फाइल आधी हाताने उतरवून घ्या: फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फाइल, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या कोणाच्या घरी. प्रत घेतल्यावर तिच्यातल्या चार फाइल उघडून बघा.

पाचवी पायरी: फुकटचे उपाय

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर जाऊन ओळखीचे नसलेले आणि रोज न लागणारे प्रोग्रॅम बंद करा. ब्राउझरमधली नको ती एक्स्टेन्शन काढा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. विंडोजमधला आपला डिफेंडर घरच्या वापराला पुरेसा आहे.

मग धूळ. मशीन बंद करून, वायर काढून, पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवायचं आणि हवेच्या झोताने पंख्यातली व हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पट्ट्यांतली धूळ उडवायची. पातं मोकळं ठेवून हवा मारली तर ते भन्नाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. सात-आठ वर्षांच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यातली, उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्टही वाळलेली असते. ती पुसून नवी लावली की तापमान खाली येतं आणि उष्णतेमुळे स्वतःहून कमी केलेला वेग प्रोसेसर परत घेतो.

दोन कारणं कोणाच्या लक्षात येत नाहीत. काही लॅपटॉप बसवलेला चार्जर ओळखू शकले नाहीत तर मुद्दाम अगदी कमी वेगाने चालतात. चार्जर बदलल्यापासून मशीन मंदावलं असेल तर हे तपासाच. दुसरं, मदरबोर्डवरचा (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डावरचा) सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटणसेल. तो संपला की मशीन दर वेळी जुनी तारीख दाखवतं, आणि तारीख चुकली की एकेक वेबसाइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडायचं नाकारते. घरच्यांना वाटतं कॉम्प्युटर गेला. गेलेला असतो तो सेल.

लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल, म्हणजे टचपॅड वर आलाय किंवा खालचं झाकण नीट बसत नाही, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. वापर लगेच थांबवा, चार्जिंगला लावू नका, बॅटरी टोचू किंवा दाबू नका आणि जाणकाराकडून ती काढून घ्या.

सहावी पायरी: सुरक्षेची मुदत

वेग कमी असला तरी माणूस सोसतो. सुरक्षा अपडेट थांबले तर मात्र त्याच मशीनवर बँकेचे व्यवहार करणं धोक्याचं आहे. विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरासाठी जाहीर झालेली वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, आणि तिच्यासाठी नाव नोंदवावं लागतं.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या जपणारी सोय), सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर उघडू देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीमध्ये रायझेन २००० मालिकेपासूनचे, तेही सगळे नाहीत. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे अॅप नेमकं उत्तर देतं. 'टीपीएम नाही' असं उत्तर आलं आणि प्रोसेसर मात्र यादीत असेल तर नवं मशीन बघायला जाऊ नका. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, ते अनेकदा फक्त बंद ठेवलेलं असतं, इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने. ते चालू केलं की काम होतं.

अटी चुकवून विंडोज ११ बसवायच्या युक्त्या आहेत. मी त्या घरच्या मुख्य मशीनवर वापरत नाही, कारण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आपला सगळा खटाटोप अपडेटसाठीच तर आहे.

त्यापेक्षा विंडोजऐवजी बसवता येणारं लिनक्स मिंट चांगलं. २ जीबी रॅमवरही ते चालतं, ४ जीबीवर बरं चालतं, दिसायला विंडोजसारखं आहे आणि फुकट आहे. पेन ड्राइव्हवरून न बसवताच चालवून बघता येतं, त्यामुळे वायफाय, प्रिंटर, आवाज चालतो का हे आधीच कळतं. सुरुवातीला सांगितलेलं मशीन तिसऱ्या पिढीचं होतं, विंडोज ११ त्याच्यावर शक्यच नव्हतं. आता त्याच्यावर मिंट आहे. ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ कॉल, पत्रं लिहिणं आणि छापणं, सगळं होतं. पण घरात एखादा प्रोग्रॅम फक्त विंडोजवरच चालणारा असेल, हिशेबाचा असो की शाळेच्या परीक्षेचा, तर हा मार्ग बंद समजा.

मॅक असेल तर गोष्ट थोडक्यात: इंटेल चिपच्या मॅकना चालणारी शेवटची आवृत्ती मॅकओएस २६ टाहो आहे, तीही मोजक्याच मॉडेलना. अशा मॅकवर आता मोठा खर्च करू नये.

सातवी पायरी: हिशेब

माझा ठोकताळा असा. सगळी डागडुजी मिळून तुमच्या गरजेच्या नव्या मशीनच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आत बसत असेल आणि मशीन आणखी तीन वर्षं सुरक्षित चालणार असेल तर डागडुजी. निम्म्याच्या वर जात असेल तर नवं. मधल्या पट्ट्यात असाल तर घेतलेला भाग पुढे उपयोगी पडेल का, ते बघा. साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी उद्या दुसऱ्या मशीनमध्ये किंवा यूएसबी खोक्यात घालून वापरता येते, तो खर्च वाया जात नाही. डीडीआर३ ही जुन्या प्रकारची रॅम मात्र त्यानंतरच्या डीडीआर४ च्या मदरबोर्डवर बसतच नाही, खाचच वेगळ्या जागी असते. ती जुन्या मशीनबरोबरच जाणार. शिवाय २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे जुने आडाखे धरू नका, त्या दिवसाचा भाव विचारा.

सुटे भाग घेताना तीन गोष्टी. २.५ इंची साटा एसएसडी जवळपास प्रत्येक जुन्या मशीनला चालते. एम.२ चा (पातळ पट्टीसारख्या एसएसडीचा) स्लॉट असेल तर तो साटा आहे की एनव्हीएमई (जास्त वेगवान जोडणी) हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघा, दिसायला ते सारखेच असतात. आणि लॅपटॉपची रॅम घेताना आतली पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचा: डीडीआर३ एल म्हणजे १.३५ व्होल्टची, साधी डीडीआर३ म्हणजे १.५ ची. काही लॅपटॉपना फक्त एल चालते.

विंडोजचा परवाना सहसा मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलली तरी तो टिकतो. मदरबोर्ड बदलला तर जाऊ शकतो. तसाही, मदरबोर्ड बदलायची वेळ आली की त्यासोबत प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते, म्हणजे जुन्या खोक्यात नवं मशीनच. आणि जुन्या बोर्डासाठी मुद्दाम वरचा प्रोसेसर शोधून घेणं तर मी कोणालाच सुचवत नाही. नाकापेक्षा मोती जड.

डागडुजीच्या वाटेला जाऊच नये अशी मशीनही आहेत: रॅम बोर्डवर पक्की जोडलेली आणि ४ जीबीच, किंवा डिस्कच्या जागी ३२ वा ६४ जीबी ईएमएमसी चिप, म्हणजे बोर्डवरच पक्की जोडलेली साठवण. त्यांत बदलण्यासारखं काही नसतं. बिजागरी तुटलेला, स्क्रीन गेलेला आणि बॅटरीही संपलेला लॅपटॉप त्यातच धरा. यातलं एकेक दुरुस्त होतं, तिन्ही मिळून परवडत नाही.

नवं घ्यायचंच ठरलं तर

पहिल्या पायरीचा कागद बरोबर ठेवा आणि त्यावरच्या कामापुरतंच घ्या. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी आणि गेल्या तीन-चार वर्षांतला मधल्या दर्जाचा प्रोसेसर घरच्या कामाला बरीच वर्षं पुरतो. विचारायचा प्रश्न एकच: रॅम आणि डिस्क पुढे बदलता येते का? बदलता येत नसेल तर आज जास्त घ्या.

कार्यालयांतून निवृत्त झालेली, तपासून विकली जाणारी मशीनही विचारात घ्या. ती मुळात दणकट बांधणीची असतात आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. फक्त पिढी विंडोज ११ च्या यादीतली हवी, हमी लेखी हवी, आणि बॅटरीची तब्येत तिथेच बघायची: कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी' लिहून जागा सोडून '/बॅटरीरिपोर्ट' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की मूळ क्षमता आणि आज उरलेली क्षमता, दोन्ही अहवालात येतात.

जुन्या मशीनचं काय

नवं आलं म्हणून जुनं लगेच पुसू नका. महिनाभर दोन्ही राहू द्या. या महिन्यात हमखास काहीतरी आठवतं: डेस्कटॉपवरच राहिलेली एखादी फाइल, जुन्या ईमेलचे संपर्क, स्कॅन केलेलं एखादं प्रमाणपत्र.

महिन्यानंतर पुसा, आणि नीट पुसा. फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला तर माहिती डिस्कवर तशीच राहते. हार्ड डिस्कवर पूर्ण भाग एकदा वरून लिहून काढणारा प्रोग्रॅम चालवा. एसएसडीवर वरून लिहिणं भरवशाचं नाही, कारण ती कुठे लिहायचं ते स्वतः ठरवते. तिच्यासाठी बनवणाऱ्याच्या प्रोग्रॅममधलं किंवा बायोसमधलं 'सिक्युअर इरेज' वापरा. डिस्क चालूच होत नसेल तर ती मशीनबरोबर देऊ नका, काढून ठेवा.

मशीन चालतं असेल तर मिंट घालून एखाद्या शिकणाऱ्या मुलाला द्या. चालत नसेल तर अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या, भंगारात नको. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. केंद्रात देण्याआधी एसएसडी, चालू स्थितीतली रॅम आणि चार्जर काढून घ्या. एसएसडी यूएसबी खोक्यात घातली की चौथ्या पायरीतल्या बॅकअपसाठी डिस्क तयार.